लवंगी

पहाटे साडेपाचला कसबा बावड्याच्या मागच्या पडीक रानात
दस्तगीर मुजावर तिला आणून उभी करतो
आणि पहिली पंधरा मिनिटं काहीच करत नाही.
खराराही नाही.
नदीकडून धुकं येतं, गुऱ्हाळाची चिमणी गोडसर धूर सोडते.
तो बिडी न पेटवता ओठात धरून ठेवतो,
काडी ओढल्याचा आवाज तिला चालत नाही.
मला म्हणतो, बाई, नुस्त्या हुब्या ऱ्हावा.

इचलकरंजीला सात लग्नसराया काढल्यात तिनं वरातीत.
अंगावर जर, कपाळावर तुरा,
पाठीवर दर रात्री नवा, अनोळखी, घामेजलेला नवरा.
उजव्या मांडीवर रुपयाएवढा डाग आहे,
तिथं केस उगवत नाहीत.
नाव त्यांनीच ठेवलेलं.
मी म्हटलं, बदलूया की.
दस्तगीर म्हणाला, कशाला?
ज्याला भ्यायली तेच रोज ऐकू दे तिला.
पण हळू. पण आपल्या तोंडानं.

मी कारखान्याच्या वजनकाट्यावर असते.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती.
एकवीस वर्षं.
पहिल्यांदा रिकिबीत पाय घालून वर बसले
तेव्हा कळलं, आज काट्यावर मी आहे.
रात्रीचं भांडण, अर्धी झोपेची गोळी,
गुडघ्यांतून तिच्या बरगड्यांत उतरणारी भीती,
सगळं मोजून घेतलं तिनं.
पावती दिली नाही.
फक्त बाजूला सरकली,
आणि मी घाणेरीच्या झुडपात.

दस्तगीर हसला नाही.
तंग पुन्हा आवळत म्हणाला,
तुमी दम धरलासा.
धरलेला दम म्हंजे तिला वाटतं
कुठंतरी कुणीतरी काडी ओढली.

मग महिनाभर नुसती पावलं.
चार पावलं, थांब. सहा पावलं, थांब.
थांब म्हणायचं ते तोंडानं नाही,
लगामानं तर नाहीच,
कमरेनं, पायरीवर टेकताना टेकतो तसं.
लगाम कसा धरू, विचारलं
तर त्यानं माझ्याच आईचं काम सांगितलं:
ओल्या शेवया काठीवर टाकताना धरतात, तसा.
ताणल्या की तुटतात.
सोडल्या की गोळा.

रागवायचं असलं तर घरी जाऊन रागवा,
हे त्याचं दुसरं वाक्य.
तिसरं त्या महिन्यात नव्हतं.

जानेवारीच्या एका सकाळी, आम्ही दुडकीवर,
बांधापलीकडच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला,
मागं दोन ट्रॉल्या, टपावर कर्णा, कुठलंतरी गाणं फाटेस्तोवर.
एवढं तिला सवयीचं झालं होतं.
पण मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला.

माझ्याखाली ती एकदम छोटी झाली.
चारी पाय एका जागी, पाठ धनुष्यासारखी,
आणि त्या धनुष्यावर मी.
झुडूप दिसलं मला. घाणेरीची तीच फुलं.
हात मुठीत जायला निघाले होते,
कसे कोण जाणे, वाटेत थांबले.
दम सुटला. मी सोडला असं म्हणणार नाही,
सुटला.

तिचा डावा कान रस्त्याकडे ताठ.
उजवा थरथरत, हळूहळू,
मागं वळला.
माझ्याकडे.
सात लग्नसरायांत कुणा नवऱ्याला तिनं
काही विचारलं असेल असं वाटत नाही.

लवंगी, मी म्हटलं.
हळू. माझ्या तोंडानं.

कातडी थरथरत होती तिची, डागाभोवती जास्त.
पण उभी होती.
पलीकडं ड्रायव्हर खाली उतरून टायरला शिव्या घालत होता,
रस्त्यावर उसाच्या दोन मोळ्या,
कर्णा अजून चालूच.
मग तिनं लांब फुरफुरून नाक मोकळं केलं
आणि मान खाली सोडली,
इतकी, की लगाम माझ्या बोटांतून आपोआप सरकत गेला.

बांधावर दस्तगीरनं खिशातून काडेपेटी काढली.
तिच्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.
काडी पेटीच्या कडेला टेकवून क्षणभर तसाच थांबला,
मग परत आत ठेवली.

उद्या, म्हणाला.